मेणवलीत एक माणूस कमी

परवा मेणवलीच्या घाटावर मी सतरा अनोळखी माणसं मोजली आणि त्यांच्या ड्रायव्हरला जाऊन सांगितलं, "एक कमी आहे."

ड्रायव्हरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याचं काही चुकलं नाही. पायात स्लीपर, अंगात धुऊन धुऊन विटलेला झब्बा, हातात वाटेत शेतावरून घेतलेली मेथीची जुडी. असल्या अवतारातला म्हातारा आपल्या ट्रॅव्हलरमधली डोकी कशाला मोजतोय, असं कुणालाही वाटेल. पण उतरताना ती मंडळी अठरा होती. मी मोजली होती. मुद्दाम नाही, मोजली गेली.

सत्तावीस वर्षं मी टूर मॅनेजर होतो. मराठी मंडळींना युरोप दाखवायचं काम. गाडीत चढून मागच्या सीटपर्यंत जायचं, परत येताना ओठांत पुटपुटत मोजायचं, बेचाळीस झाले की ड्रायव्हरला अंगठा. ही सवय अजून जात नाही. दोरीवरचे कपडे मोजतो, लग्नाच्या पंगती मोजतो. एकदा एका तेराव्याला जमलेले लोक मोजले आणि बायकोने कोपराने ढोसलं.

दुसरी सवय पंचेचाळीस मिनिटांची. युरोपात बसड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की त्याला पंचेचाळीस मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, कायदाच आहे तसा. गाडीतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं, तिथे गोड बोलून काही होत नाही. त्यामुळे कुठेही थांबलं की आतलं घड्याळ सुरू. चहा, स्वच्छतागृह, फोटो, चला. स्वित्झर्लंडच्या बर्फातलं युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे, ती रेल्वे बांधायला सोळा वर्षं लागली, १९१२ साली पुरी झाली, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण तिथे दुपार कलल्यावर बर्फाचा रंग कसा होतो ते विचारू नका. आमची वेळ साडेदहा ते एक. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही दुपारचे तीन पाहिले नाहीत. ऱ्हाईनच्या धबधब्याचंही तेच. तिथे माझी पाठ पाण्याकडे आणि तोंड माणसांकडे.

२०२० च्या मार्चमध्ये शेवटचा ग्रुप घेऊन परतलो, मग जग बंद पडलं, आणि उघडलं तेव्हा मला परत जावंसं वाटलं नाही. पुण्याचा फ्लॅट मुलाला देऊन आम्ही वाईच्या जुन्या घरी आलो.

पहिलं वर्ष वाईट गेलं, ते माझ्यामुळेच. मी घरातही मुक्कामीच असायचो. दात घासायचा ब्रश बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, टॉवेल खुर्चीवर, बॅग दाराशी. सकाळी सातला खाली येऊन "आज नाश्त्याला काय?" असं मी इतक्या हक्काने विचारायचो की एक दिवस बायको म्हणाली, "अहो, बिल खोलीवर लावू का?" दुसऱ्या वर्षी तिने न विचारता माझ्या चाकांच्या बॅगेत गोधड्या भरल्या आणि गड्याकरवी ती माळ्यावर टाकली. मी तीन दिवस धड बोललो नाही. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये ब्रश ठेवायला कप शोधला.

मग हळूहळू गाव दिसायला लागलं. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी आहे, पुराचं पाणी दोन बाजूंनी फुटून जावं म्हणून, हे लहानपणापासून ऐकलेलं. एका पावसाळ्यात कृष्णा चढली तेव्हा छत्री घेऊन गेलो आणि ते पाणी फुटताना बघत उभा राहिलो. गढूळ, तांबडं, मध्येच एखादं ओंडकं घेऊन येणारं पाणी. दोन तास. कुणी हाक मारली नाही, कुणाचा पासपोर्ट हरवला नाही.

शनिवार-रविवारी मात्र जीव नकोसा होतो. सगळा पुणे-मुंबई पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वरला निघतो आणि आम्हाला रस्ता ओलांडून दूध आणायला दहा मिनिटं लागतात. मी शिव्या घालतो, मग आवाज आपोआप बसतो. लुसर्नच्या लाकडी पुलावर मी बेचाळीस जणांना एका रांगेत उभं करून फोटो काढायचो, तेव्हा पिशव्या घेऊन कामाला निघालेल्या तिथल्या बायका थांबून ज्या नजरेने बघायच्या, ती नजर आता माझ्याकडे आली आहे.

तर मेणवली. घरापासून तीन किलोमीटर, सध्या वाटभर हळद शिजवल्याचा वास. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा घाट, घाटावर देवळं आणि ती घंटा. मी पायरीवर बसलो होतो, काही न करता. तेवढ्यात ट्रॅव्हलर आली आणि टोपीवाल्या पोराने आवाज दिला, "पंधरा मिनिटं हं!" आणि मी चक्क उठून उभा राहिलो. शरीराने हुकूम ऐकला, डोकं मागाहून आलं. पंधरा मिनिटांनी ती मंडळी गाडीकडे वळली, तर सतरा.

अठरावी बाई घंटेपाशी होती. माझ्याच वयाची, मान वर करून उभी.

"काका, ही चर्चची का हो?"

झालं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि साल १७०७. धडाधडा बोललो, पाठ घंटेकडे आणि तोंड बाईंकडे.

"कुठंय साल?" बाईंनी विचारलं.

मी वळलो. मेरी दिसली. आकडे दिसेनात. खरं सांगायचं तर ते मी कधी बघितलेच नव्हते, आयुष्यभर सांगितले मात्र होते. वाचायचा चष्मा घरी. आम्ही दोघं माना वाकड्या करून घंटेभोवती फिरत होतो, तोवर खालून शिट्टी आली. बाई घाईघाईने पायऱ्या उतरल्या. मी वरून मोजले, अठरा. अंगठा दाखवला. ड्रायव्हरने, कोण जाणे कशाने, परत दाखवला.

घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. मेथीने माना टाकल्या होत्या. बायकोला सगळं सांगितलं.

"मी पाहिलंय ते साल," ती म्हणाली. "तुम्ही तिकडं असताना मुलाची सहल गेली होती, तेव्हा. संध्याकाळी ऊन तिरपं येतं ना, तेव्हा नीट दिसतं. आज जाऊ या."

"किती वाजता?"

तिने उत्तर दिलं नाही. मेथीचं ताट माझ्यापुढे सरकवलं.