अपलोड झालं, मग अडलंय कुठे?

मंगळवार, रात्री उशिरा

आज अख्खा दिवस त्या एकाच स्क्रीनवर गेला. कॉलेजचे क्लार्क विद्यार्थ्यांची एक्सेल अपलोड करतात ना, तो. अपलोडबद्दल कुणाचीच तक्रार नाही, फाईल पाच-सहा एमबीची, कॉलेजच्या नेटवरही पटकन जाते. पण त्यानंतर सर्व्हर ती सगळी वाचणार, तपासणार, डेटाबेसमध्ये भरणार आणि मगच ब्राउझरला उत्तर देणार, तोवर समोरचा माणूस गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलाय. पुढे असलेल्या इंजिन-एक्स या वेब सर्व्हरचा रीड टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) मुळातच ६० सेकंदांचा, मागून तेवढा वेळ काही आलं नाही की तो ५०४, म्हणजे 'वेळ संपली'ची एरर, देऊन मोकळा. आणि मागे आपला पायथन कोड चालवणाऱ्या गुनिकॉर्नचे मूळचे ३० सेकंद कुणीतरी आधीच वाढवून ३०० करून ठेवलेत, त्यामुळे स्क्रीनवर एरर दिसला तरी मागे काम चालूच! मग फोन येतो, "सर, एरर आलाय, परत टाकू का?" आणि विचारेपर्यंत परत टाकलेली असते.

सकाळच्या मीटिंगमध्ये अपेक्षेप्रमाणे पहिली सूचना आली, टाइमआउट अजून वाढवा. मी चक्क नाही म्हटलं. गुनिकॉर्नचे चार वर्कर (एका वेळी एकच काम करणारे) आहेत, ॲडमिशनच्या दिवसांत चार कॉलेजांनी एकदम फाईल टाकली की चौघंही अडकले, मग साधं लॉगिनचं पान पण उघडत नाही, आणि शिव्या आम्हालाच.

माझं म्हणणं एवढंच की गिरणीत आपण दळण ठेवतो, नाव सांगतो आणि घरी येतो, तिथे उभं राहत नाही. तसं करायचं. फाईल आली की जशीच्या तशी स्टोरेजमध्ये ठेवायची, टेबलात एक ओळ टाकायची 'रांगेत आहे' म्हणून, लगेच २०२ ('मिळालं, काम नंतर होईल') परत द्यायचा आणि खरं काम सेलेरीच्या (मागे रांगेतली कामं उरकणारं सॉफ्टवेअर) वर्करकडे. रांग ठेवायला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) आपल्याकडे आहेच. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, रेडिसवर सेलेरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (पोच आली नाही तर काम दुसऱ्याला द्यायची मुदत) मुळात १ तासाचा असतो, काम संपल्यावर पोच द्यायची सेटिंग लावली आणि काम तासाच्या वर गेलं तर तेच काम दुसऱ्या वर्करला परत मिळू शकतं. म्हणून पीआरएन नंबरवर (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) युनिक लावलं, म्हणजे तोच नंबर दोनदा बसणार नाही, आणि इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट (नंबर आधीच असेल तर काय करायचं ते), आपल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये, ते ९.५ पासून आहे. आता तीच फाईल दोनदा टाका नाहीतर दहादा, डबल नावं नकोत.

पण डोक्यातून एक जात नव्हतं. विद्यार्थी जेमतेम चार हजार, चार हजार ओळींना एवढा वेळ कशाला लागेल? जेवण झाल्यावर फाईलचं एक्सटेन्शन बदलून झिप केलं आणि उघडून बघितली (एक्सएलएसएक्स म्हणजे शेवटी झिपमध्ये गुंडाळलेलं एक्सएमएलच), तर शीटमध्ये ओळी १०,४८,५७६. म्हणजे एक्सेलची मर्यादाच ती! कुणीतरी टेबल छान दिसावं म्हणून बॉर्डर पार शेवटच्या ओळीपर्यंत ओढलीय आणि आपला कोड इमानदारीत दहा लाख रिकाम्या ओळी वाचत बसलाय. क्लार्कचा काय दोष, त्याला ते दिसतच नाही. ओपनपायएक्सएल (एक्सेल वाचणारी पायथनची लायब्ररी) रीड-ओन्ली मोडमध्ये टाकलं, नाहीतर ते सगळं शीट मेमरीत घेऊन बसतं, आणि सलग २०० ओळी रिकाम्या आल्या की थांबायचं असं सांगितलं. सगळ्यात मोठा फरक कोडच्या याच दोन ओळींनी पडला, रांगबिंग नंतरची. तरी रांग काढणार नाही, उद्या कुणीतरी खरोखरची मोठी फाईल आणेलच.

काही फाईलींत मोबाईल नंबर देवनागरी आकड्यांत आहेत, पायथनचं इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ते निमूट वाचतं, पोस्टग्रेस मात्र अडतो, म्हणून आधी पायथनमधूनच काढून घेतले.

संध्याकाळ खाल्ली ती काम किती झालं ते दाखवणाऱ्या प्रोग्रेसने. दर ५०० ओळींनी टेबलात आकडा लिहीत होतो, स्क्रीनवर मात्र शून्य, शून्य, शून्य आणि एकदम 'झालं'. कारण सगळी भरती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम पक्कं होणारा गठ्ठा), कमिट, म्हणजे पक्कं, होईपर्यंत बाहेरच्याला तो आकडा दिसणारच नाही. आकडा रेडिसमध्ये हलवला आणि दिसायला लागला. टक्के मुद्दाम नाही दाखवले, एकूण ओळींचा आकडा किती भरवशाचा ते दुपारी कळलंच. त्याऐवजी 'आत्तापर्यंत २,५०० ओळी तपासल्या, १४ मध्ये चूक' असं येतं. क्लार्कला हवं असतं तेच, काम चाललंय की मेलंय. आणि खाली एक ओळ, 'ही विंडो बंद केली तरी चालेल'. ती मला सगळ्यात जास्त आवडलीय.

उद्या चुकलेल्या ओळी वेगळ्या एक्सेलमध्ये, शेजारी कारण लिहून, परत द्यायच्या. आणि मूळ फाईली स्टोरेजमध्ये किती दिवस ठेवायच्या हे ठरवायचंय, पोरांचे पत्ते न नंबर आहेत त्यात. माझ्या मते ३० दिवस पुरे, क्लायंट 'कायम ठेवा' म्हणणार.