पासिंगच्या आधी गाडी बघायचीच

दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून गणपतीत बुकिंग केलं. टेस्ट ड्राइव्ह, कर्ज, एक्स्चेंजचा भाव हे सगळं पटापट झालं. अडलं ते एकाच ठिकाणी, पीडीआयला, म्हणजे ताबा घेण्याआधी गाडी तपासायला. "पीडीआय करायचंय, गाडी यार्डात दाखवा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सर, आधी पासिंग होऊ द्या, मग शोरूमला आणतो, निवांत बघा." अख्खा पितृपक्ष या एका वाक्यात गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण हा क्रम ग्राहकाचं नुकसान करणारा आहे.

पासिंगला, म्हणजे आरटीओच्या नोंदणीला, गाडी लावायची तर आधी तिच्या चॅसिस नंबरवर (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) तुमच्या नावाचं बिल होतं, विमा निघतो, रोड टॅक्स भरला जातो आणि मग नंबर पडतो. त्यानंतर दाराला पोचा सापडला, तरी कागदोपत्री गाडी तुमची झालेली असते. बदलून मिळत नाही, रबिंग-पॉलिश करून मिळतं. म्हणून क्रम असा हवा: चॅसिस नंबर अलॉट, पीडीआय, उरलेले पैसे, विमा, पासिंग.

फोनवर सांगून काही हललं नाही. हललं ते तीन गोष्टींमुळे. बुकिंगच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्जही होता, तो परत मागून घेतला. बँकेला लेखी कळवलं की मी सांगेपर्यंत कर्जाची रक्कम डीलरकडे सोडू नका. आणि सेल्स मॅनेजरला मेल केला, कंपनीच्या कस्टमर केअरला सीसी ठेवून: चॅसिस नंबर कळवा, गाडी बघितल्याशिवाय पासिंगला माझी संमती नाही. दुसऱ्या दिवशी यार्डाची वेळ मिळाली. तुम्ही हीच अट बुकिंग फॉर्मवरच हाताने लिहून मॅनेजरची सही घ्या, म्हणजे पुढचं टळेल. पितृपक्षात डिलिव्हरी कोणी घेत नाही, पण गाडी तपासायला तोच काळ उत्तम. घटस्थापनेपासून यार्डात उभं राहायला जागा नसते.

यार्डात सकाळच्या उन्हात जा आणि गाडी आधी धुऊन ठेवायला सांगा. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. पत्र्याकडे समोरून न बघता तिरकं बघा. पुन्हा रंगवलेला भाग उन्हात वेगळा चमकतो, दाराच्या रबराखाली रंगाची कड लागते. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल, तर तो भाग एकदा खोललेला आहे. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा. एखादाच टायर बाकीच्यांपेक्षा बराच वेगळा निघाला तर कारण विचारा. मॅट उचलून खाली हात फिरवा. ओल किंवा कुबट वास आला, तर गाडीत पाणी गेलेलं असू शकतं. बॉनेटखाली वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं नाही ना, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड नाही ना, हेडलाइटच्या काचेत आतून वाफ नाही ना, तेही बघा. चॅसिस आणि इंजिन नंबरचे फोटो काढा आणि बिलाशी एकेक अक्षर जुळवा. गाडी बनल्याचा महिना-वर्ष फॉर्म २१ वर म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर येतो, त्याचा मसुदा आधीच मागा. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली, तर विकताना ती एक वर्ष जुनी धरतात, तेवढी सूट आत्ताच घ्या.

कोटेशनबद्दल आधी सांगायला हवं होतं. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, फास्टॅग अशी प्रत्येक रक्कम वेगळी लिहून घ्या. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के टॅक्स आहे, १० ते २० लाखांत १२ आणि पुढे १३. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' या नावाची रक्कम काढून टाकायला सांगा. तो सरकारी कर नाही, मी सरळ नकार दिला आणि ती गेली. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर) लागतो, पण रिटर्न भरताना तो तुमच्या करात वळता होतो, म्हणून पॅन बरोबर दिलाय का बघा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन आणताना आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर धरली जाणारी किंमत) आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट ही जोड-कव्हरं सारखीच ठेवा, नाहीतर तुलना फसवी होते. "बाहेरच्या विम्याला कॅशलेस नाही," म्हणजे दुरुस्तीचं बिल आधी तुम्हालाच भरावं लागेल, असं सांगतील. ते त्या विमा कंपनीचा वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं, विमा कंपनीला फोन करून विचारा.

डिलिव्हरीला दोन्ही चाव्या, जॅक-पाना आणि एचएसआरपी प्लेट (सक्तीची सुरक्षित नंबरप्लेट) बघून घ्या. यार्डात उभ्या गाडीचे टायर चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते, आणि ती तशीच राहून जाते. टाकीत पेट्रोल जेमतेम असतं, त्यामुळे पंपावर जावंच लागतं. तिथेच ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा कमी करून घ्या.