अर्ध्या तासाचं पाणी: ओमानच्या फलजांकाठची भटकंती

मस्कतमध्ये नळ उघडला की हातावर येतं ते समुद्राचं पाणी, मीठ काढून गोडं केलेलं. घुब्रा इथला खारं पाणी गोडं करण्याचा पहिला प्रकल्प १९७६ साली सुरू झाला, मग किनाऱ्यावर आणखी उभे राहिले, आणि आज या शहराची तहान समुद्रच भागवतो. भावाकडे उतरल्यापासून मला एकच प्रश्न पडला होता. वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या देशात, हे कारखाने येण्याआधी माणसं कशावर जगली? आमच्या साक्री तालुक्याला सगळे दुष्काळी म्हणतात, पण तिथेही याच्या चौपट-पाचपट पडतो. आणि इथे तर नुसतं जगणं नव्हतं, खजुराच्या बागा होत्या, गावं होती, किल्ले होते.

उत्तर डोंगरापलीकडे होतं: फलज, म्हणजे इथले पाण्याचे जुने पाट. भाऊ म्हणाला, "ताई, फलज बघायचे तर निझव्याकडे जायला हवं." जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो.

मस्कतहून निझव्याचा रस्ता हजर पर्वताच्या खिंडीतून जातो. दोन्ही बाजूंना नुसते तपकिरी, करडे डोंगर. गवताची काडी नाही. मधूनमधून कोरड्या वाद्या, म्हणजे पाऊस झाला तर तेवढ्यापुरत्या धो धो वाहणाऱ्या नद्या. बाकी वर्षभर नुसते गोटे. अशा प्रदेशातून तास-दीड तास गेल्यावर अचानक डोंगराच्या पायथ्याशी गर्द हिरवा पट्टा दिसतो. ते बिर्कत अल मौज. वर टेकाडावर मातीची जुनी पडकी घरं, खाली खजुराची दाट बाग, आणि त्या दोहोंच्या मधून वाहणारा फलज अल खतमैन.

फलज म्हणजे पाट खरा, पण त्याची गोष्ट पाटापाशी सुरू होत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल हाती लागतं, तिथे एक खोल विहीर खणतात. तिला म्हणतात उम्म, म्हणजे आई. तिच्या तळापासून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढायचा. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा हलका ठेवायचा, म्हणजे काही किलोमीटर पुढे गेल्यावर तोच बोगदा आपोआप जमिनीवर येतो आणि त्यातलं पाणीही. मध्ये साधारण वीसेक मीटरवर एकेक उभी विवरं ठेवतात, माती वर काढायला, हवा खेळायला आणि पुढे साफसफाईला उतरायला. पंप नाही, मोट नाही, बैलही नाहीत. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडून काढेल, कमी झाला तर गाळ साठेल. ज्यांनी हा उतार कंदिलाच्या उजेडात, जमिनीच्या पोटात वाकून साधला, त्यांच्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

वाटेत कोरडी वादी आडवी आली तर काय? तेही त्यांनी सोडवलेलं आहे. पाट वादीच्या एका काठावर उभ्या खड्ड्यात खाली उतरतो, वादीच्या तळाखालून पलीकडे जातो आणि दुसऱ्या काठावर तेवढ्याच उंचीला पुन्हा वर येतो. वरून पूर गेला तरी खालून गावाचं पाणी चालू.

ही विद्या इराणच्या कनातांची, म्हणजे तिथल्या अशाच जमिनीखालच्या पाटांची, सख्खी बहीण आहे, आणि ती आपल्यापर्यंतही पोचलेली होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरी आणली ती याच जातीची. जमिनीखालचं पाणी, हलका उतार, वर ठिकठिकाणी हवेची तोंडं. औरंगाबादला शिकत असताना मी पाणचक्की पाहायला गेले होते, पण तिथे पाणी येतं कसं हे नीट समजलं ते इथे, ओमानमध्ये.

ओमानात असे चार हजारांहून जास्त फलज मोजले गेले आहेत आणि त्यांतले तीन हजारांच्या आसपास आजही वाहतात. सगळेच बोगद्याचे नाहीत. काही झऱ्यावरून येतात, काही वादीतलं वाहतं पाणी वळवून घेतात. बोगद्याच्या फलजांना दाऊदी म्हणतात, आणि दाऊदचा मुलगा सुलेमान याने जिनांकडून हे हजारो फलज दहा दिवसांत खणून घेतले अशी कथा इथे सांगतात. खरं वय सांगणं अवघड आहे. आजच्या फलजांची सुरुवात इसवी सन ५००च्या सुमाराची मानली जाते, पण या भूमीत सिंचन इसवी सनपूर्व २५००पासून असल्याचे पुरावे मिळाले आहेत. २००६ साली युनेस्कोने पाच फलजांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खतमैन आहे आणि निझव्याचा दारिसही.

बांधकाम थक्क करणारं आहेच. पण मला जे बघायचं होतं ते बांधकामाच्या पुढचं. हे पाणी वाटतात कसं?

त्यासाठी आम्ही अल हमराच्या वर, डोंगराच्या कडेला बसलेल्या मिस्फात अल अब्रियीन या गावी गेलो. गाड्या गावाबाहेर ठेवायच्या, अंगभर कपडे घालून आत जायचं, अशी पाटी वेशीवरच आहे आणि ती रास्त आहे, कारण लोक तिथे राहतात. दगडावर दगड रचून केलेली घरं, त्यांच्यामधून अरुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या कडेने फलज. आपण चालतो तिकडे तो सोबतीला. खाली दरीपर्यंत उतरत गेलेल्या पायरीपायरीच्या शेतात खजूर, खजुराच्या सावलीत केळी, पपई आणि लिंबं, त्याखाली लसूणघास. एकच पाणी, एकच जमीन आणि सावलीचे तीन मजले. वरच्या झाडांमुळे खालच्याचं ऊन अडतं आणि पाणीही कमी उडतं.

एका ठिकाणी मी थबकले. पाटाच्या भिंतीला हातभर रुंदीचं तोंड होतं, शेतात उतरणारं. त्यात एक चपटा दगड उभा केला होता आणि दगडाच्या कडांनी जुन्या कपड्याच्या चिंध्या ठासून कोंबल्या होत्या. एक थेंब गळत नव्हता. तेवढ्यात एक मजूर आला, त्याने चिंध्या ओढून काढल्या, दगड उचलला, तोच दगड मुख्य पाटात आडवा लावला, चिंध्या पुन्हा ठासल्या, आणि सगळं पाणी झपकन शेतात वळलं. आमच्याकडे दारं मोडतात तसंच. फावड्याच्या जागी दगड आणि चिखलाच्या जागी चिंध्या, इतकाच फरक. वर एक वयस्क ओमानी गृहस्थ उभे होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

त्यांना हिंदी येत होतं. तरुणपणी मस्कतला भारतीयांबरोबर नोकरी केल्यामुळे ते पक्कं झालेलं. माझे प्रश्न थांबेनात आणि त्यांनाही सांगायचा कंटाळा नव्हता. आम्ही पाटाच्या काठावरच बसलो.

फलजमध्ये पाणी वेळेवर मोजतात. सुमारे अर्ध्या तासाच्या धारेला एक अथर म्हणतात. दिवसरात्रीचे ४८ अथर. ज्याच्या वाट्याला जितके अथर, तितका वेळ अख्खा फलज त्याचा. सगळ्यांची पाळी फिरून पुन्हा पहिल्यावर यायला किती दिवस लागतात ते प्रत्येक फलजचं वेगळं, पण बऱ्याच ठिकाणी आठवडा-दहा दिवस. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा उभ्या खांबाची सावली जमिनीवरच्या खुणांवर सरकताना बघायची आणि रात्री ठरलेल्या ताऱ्यांचं उगवणं-मावळणं. मध्यरात्री पाळी असलेला शेतकरी आकाशाकडे बघून दगड हलवायचा.

देखरेखीला माणसंही ठरलेली. सगळ्यांच्या वतीने कारभार बघणारा वकील, पाळ्या आणि वेळ सांभाळणारा आरिफ, पैशांचा हिशेब ठेवणारा एक आणि लिलाव पुकारणारा दलाल. हो, लिलाव. काही अथर कुणा माणसाच्या मालकीचे नसतात, ते फलजचे स्वतःचे असतात. मशिदीला दान दिलेलेही असतात. फलजच्या मालकीचे अथर लिलावात जातात आणि त्या पैशातून बोगद्याचा गाळ काढणं, पडलेली भिंत बांधणं ही कामं होतात. फलज स्वतःच्या दुरुस्तीचे पैसे स्वतः कमावतो. सरकार मदत करतं, मोठी दुरुस्ती करून देतं, पण रोजचं गाडं या लिलावावर चालतं. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटली. आमच्याकडे कित्येक पाणीवापर संस्था कागदावर राहतात, कारण दुरुस्तीचा खर्च आला की सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

वापराचा क्रमही घालून दिलेला आहे. फलज गावात जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतो तिथून प्यायचं पाणी. तिथे प्रत्येकाला, वाटसरूलाही, फुकट. त्यानंतर मशीद आणि वजू, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं, मग आंघोळीच्या बंदिस्त जागा, आणि मग शेती. शेतीतही आधी खजूर, कारण झाड मेलं तर पिढीचं नुकसान. सर्वांत शेवटी, बागेच्या टोकाला, हंगामी पिकांची मोकळी जमीन. पाणी कमी झालं की ही जमीन पडीक ठेवतात. खजूर जगतो, गहू त्या वर्षी नाही.

हे ऐकताना मला आमच्या घरच्या आप्पांची आठवण येणं साहजिक होतं. ते पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या आमच्याकडच्या जुन्या व्यवस्थेत, वाढले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. त्या वर्षी पाणी किती आहे ते बघून पंच ठरवणार, कुठल्या फडाला ऊस आणि कुठला कोरडवाहू ठेवायचा. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असल्यामुळे झळ सगळ्यांनाच सारखी बसायची. शेतात पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, मालकाने नाही. राखणीला जागल्या. आप्पा सांगायचे की फडात कुणाच्या घरी लग्न असो की मयत, त्याचं पीक भिजायचं राहत नसे, कारण पाटकरी माणूस बघत नसे, सरी बघत असे.

त्या गृहस्थांना मी फड समजावून सांगितला. त्यांनी बारकाईने ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला: मग आता? आता काही फड तग धरून आहेत, पण बरेच मोडले, असं मी सांगितलं. वर धरणं झाली, फडातच ज्याने त्याने विहिरी खोदल्या, बोअर मारले. स्वतःचं बटण दाबून पाणी येत असेल तर पाटकऱ्याची वाट कोण बघणार? ते मान डोलवत राहिले. बातिनाच्या किनाऱ्यावर हेच झालं, ते म्हणाले. तिथे पंपांनी इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकलं आणि खजुराच्या बागा सुकल्या.

मला वाटतं, फलजची खरी हुशारी इथेच आहे. बोगद्याला जमीन देते तेवढंच पाणी मिळतं. पातळी खाली गेली की धार बारीक होते आणि सगळ्या गावाला ते त्याच दिवशी पाटात दिसतं. वाटणी वेळेची असल्यामुळे धार निम्मी झाली तर प्रत्येकाचा वाटाही निम्मा होतो, श्रीमंताचाही. बोअरवेल याच्या उलट वागते. पाणी खाली गेलं तर आणखी शंभर फूट खाली जा, ज्याच्याकडे पैसे आहेत तो जाईल, आणि शेजाऱ्याची विहीर का आटली हे कुणाला दिसणारही नाही. म्हणूनच ओमानमध्ये उगमविहिरीच्या आसपासच्या ठरावीक पट्ट्यात नवी विहीर खोदायला मनाई आहे. आपल्याकडे भूजलाचे कायदे आहेत, पण गावाने डोळ्यांनी बघावी अशी धार उरलेली नाही.

इथेही सगळं छान चाललंय असं नाही. दगड हलवणारा तो मजूर बांगलादेशातल्या सिल्हेटचा होता. बागांमधलं बहुतेक काम आता बांगलादेशी मजूर करतात, गावातली तरुण मुलं मस्कतला नोकरीत. त्या गृहस्थांचे मुलगेही तिकडेच. बोगद्यात उतरून गाळ काढण्याचं कसब असलेली माणसं कमी होत चालली आहेत, याची चिंता त्यांच्या बोलण्यात दोन-तीनदा आली. पाळीची यादी मात्र त्यांच्याकडे वहीत होती आणि आता ती फोनमध्येही होती. पुढची पाळी कुणाची हे त्यांनी फोनवर बघितलं, खाली हाक मारली आणि चिंध्या पुन्हा निघाल्या.

परतताना निझव्याला थांबून दारिस पाहिला. ओमानच्या सर्वांत मोठ्या फलजांमध्ये त्याची गणना होते. पाट रुंद, पाणी काचेसारखं स्वच्छ आणि त्यात बोटभर लांबीचे मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे त्यांना कुणी पकडत नाही. पाण्यात पाय सोडले की तेच पायांना टोचायला येतात.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. खजूर मात्र उन्हाळ्यात उतरतो, तो झाडावर बघायचा असेल तर ऊन सोसावं लागेल. शुक्रवारी सकाळी निझव्याला बकऱ्यांचा बाजार भरतो, तो गाठून मग बिर्कत अल मौज आणि मिस्फात करता येतं. मिस्फातला पायवाटा पाटाच्या कडेकडेनेच जातात आणि ओल्या असतात, तेव्हा चांगले बूट हवेत. पाटावरचे दगड आणि चिंध्या हलवू नका, त्यामागे कुणाची तरी पाळी चालू असते. दारिसला बागेत पाय सोडून बसायला हरकत नाही, पण वर, प्यायचं पाणी भरतात त्या जागी हात-पाय धुवायचे नाहीत.