घडी आधी की तडा आधी?

काल नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना भाचीने विचारलं, मावशी आपल्या डोंगरांना हिमालयासारख्या वळ्या का नाहीत गं? मस्त प्रश्न! आपला बेसाल्ट म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, बाजूने जोरात दाबायला कोणी आलंच नाही म्हणून अजून जवळपास आडवे.

घरी येऊन सतरंजी पसरली, एक टोक भिंतीला टेकवलं आणि दुसरीकडून ढकलली तर मध्ये फुगा आला, ही झाली वळी, म्हणजे थरांची घडी. पण खडक नुसता वाकत नाही, तुटतोही, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की दोन्ही एकाच वेळी चालतं. थ्रस्ट म्हणजे दाबामुळे वरचा खडक खालच्यावर चढतो तो भ्रंश, म्हणजे ज्यावरून खडक सरकतो असा तडा. तो शेलसारख्या (चिखलापासून बनलेल्या) मऊ थरात आडवा सरकत जातो, मग कडक वालुकाश्म लागला की तिरका वर चढतो, आणि त्या चढावरून जाताना वरच्या थरांना वाकावंच लागतं, म्हणजे वळी भ्रंशाच्या आकारामुळे बनते. अमेरिकन भूवैज्ञानिक जॉन सपी यांनी १९८३ मध्ये याची भूमितीच मांडली.

कधी उलटं, भ्रंशाचं टोक खडकातच अडकतं, वर पोहोचतच नाही, मग उरलेलं सरकणं पुढचे थर वाकण्यात जातं आणि वळीची पुढची बाजू पार उभी होते. दाब चालूच राहिला तर भ्रंश तीही फोडून पुढे जातो.

डेहराडूनला जाताना मोहंडजवळ हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक रांगेचे वालुकाश्म उत्तरेकडे कललेले दिसतात ना, ती अशाच थ्रस्टवरची वळी. पुढच्या वेळी भाचीला तिथे नेणार.