कौलारू छपराचा सगळा हिशोब

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बिलांची फाईल समोर घेऊनच बसलेय. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही बोरिवलीच्या गावठाणातल्या आमच्या घराचं छप्पर पूर्ण उतरवून परत चढवलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या निदान दहाबारा जणांनी एकच प्रश्न विचारलाय, किती खर्च आला? आकडा सांगितला की अर्धे म्हणतात बापरे एवढा आणि अर्धे म्हणतात फक्त एवढाच? म्हणून नुसता आकडा न सांगता पैसे कुठे कुठे गेले ते सगळं लिहिते.

घर आजोबांनी १९३८ साली बांधलं. २४ बाय ३० फूट, तळमजला आणि वर माळा, मधे आढं (छपराच्या शेंड्यावरचं आडवं लाकूड) आणि दोन बाजूंना दोन पाखी (उतरती छपरं). चारी बाजूंनी दोन दोन फूट वळचण (भिंतीबाहेर आलेलं छप्पर) धरली की वरून २८ बाय ३४ होतं, आणि उताराचा हिशोब धरला तर प्रत्यक्ष छप्पर साधारण अकराशे चौरस फूट भरतं. हे मुद्दाम सांगतेय कारण पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने खालच्या खोल्या मोजून भाव दिला आणि दुसऱ्याने छप्पर मोजून, त्यामुळे दोघांच्या कागदावरचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नव्हतं. आधी स्वतः टेप घेऊन मोजा आणि सगळ्यांकडून त्याच मापावर भाव घ्या.

आता मूळ दुखणं. आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. जव्हारकडचे एक मामा यायचे (नात्यातले नाहीत, पण आम्ही सगळे मामाच म्हणायचो), सोबत त्यांचा मुलगा, दोन दिवसांत सगळी कौलं हलवून, फुटलेली बदलून, पालापाचोळा काढून, पन्हळ साफ करून जायचे. २०१५ ला शेवटचे आले, तेव्हा साडेतीन हजार घेतले होते. मग त्यांचं वय झालं, मुलगा कंपनीत लागला. बाबांचे गुडघे गेले होते त्यामुळे ते वर चढू शकत नव्हते, आणि आम्हाला वाटलं की ताडपत्री टाकली की झालं काम. २०१६ पासून २०२४ पर्यंत नऊ पावसाळे आम्ही ताडपत्रीवर काढले. दर वर्षी नवी, कारण उन्हाने ती वर्षभरात फाटतेच, वर बांबू, दोरी, टाकायला माणूस, धरा साडेचार हजार. म्हणजे चाळीस हजार. पण ते चाळीस हजार हे खरं नुकसान नाहीच.

खरं नुकसान छप्पर उघडल्यावर दिसलं. कौलारू छपराला हवा लागते. कौलांच्या फटीतून वारा आत येतो आणि भिजलेलं लाकूड दोन दिवसांत सुकतं, म्हणून तर सागाचे वासे ऐंशी वर्षं टिकतात. ताडपत्री घातली की वरून पाणी येत नाही हे खरं, पण आत जी ओल असते ती बाहेर जात नाही. आम्ही तर ती दिवाळीपर्यंत काढायचोच नाही. वळचणीकडची वाशांची टोकं कुजली, आणि कुजलेल्या लाकडाला वाळवी लागली. छत्तीसपैकी अकरा वासे गेले होते. मिस्त्रींनी एका वाशात स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आई खाली उभी राहून बघत होती, ती काही बोललीच नाही, आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण घर वाचवायचं म्हणूनच आम्ही नऊ वर्षं ते करत होतो.

भाव काढायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांचा एकच सल्ला, पत्रा टाका. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि वर रंगीत पत्रा असा १९० रुपये फुटाचा भाव दिला, म्हणजे दोन लाख नऊ हजार, पाच दिवसांत काम. दुसऱ्याने कौलं ठेवू म्हणाला पण सगळं लाकूड नवीन, सगळी कौलं नवीन, चार लाख पंच्याहत्तर हजार आणि वर १८ टक्के जीएसटी वेगळा. या दोघांपैकी एकानेही शिडी लावून वर काय परिस्थिती आहे ते बघितलं नाही. मग माझ्या मैत्रिणीच्या वसईच्या घराचं काम केलेल्या मिस्त्रींना बोलावलं. ते आले, माळ्यावर गेले, प्रत्येक वाशावर हातोडीने ठोकत गेले, खडूने खुणा केल्या, तासाभराने खाली आले आणि म्हणाले, "ताई, पंचवीस वासे लोखंडासारखे आहेत, ते कशाला फेकताय? रिपा सगळ्या बदला, कौलं खाली आल्यावर बघू." (रिपा म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात.) मी त्यांना रोजावर काम दिलं आणि सामान स्वतः आणायचं ठरवलं. ज्यांना वेळ देता येईल त्यांना मी हेच सांगेन, कारण फुटाच्या भावात चांगलं लाकूडही बदलल्याचे पैसे तुम्ही देता.

कौलांबद्दल थोडं सविस्तर. मंगलोरी कौल साधारण चौरस मीटरला १५ लागतात. आमचं छप्पर १०२ चौरस मीटर, म्हणजे १,५३० कौलं, एक कौल अडीच किलो धरलं तर पावणेचार टन वजन डोक्यावर. ते एकेक कौल हातोहात खाली आलं. मिस्त्री प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचे, खणखणीत आवाज आला तर उजवीकडे, बद्द आला तर डावीकडे, कारण केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही पण कानाला कळते. ९०० चांगली निघाली. तारेच्या ब्रशने शेवाळ काढून धुतली की आतून परत तोच लालभगवा रंग.

आणि त्यातल्या बऱ्याच कौलांच्या पोटावर छाप होता, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. बाबा आयुष्यभर सांगायचे की आपली कौलं १८६५ ची आहेत. ते तसं नाही, १८६५ हे मंगलोरला मिशनऱ्यांनी पहिला कारखाना काढला ते वर्ष, ते छापातच असायचं. पण गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ते कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टच्या नावाने चालले. मग १९३८ च्या घरावर बासेल मिशनचा छाप कसा? बहुतेक आजोबांनी तेव्हाच कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीची जुनी कौलं विकत घेतली असणार. मुंबईत तेव्हा ही कौलं समुद्रमार्गे यायची, महाग असतील, त्यांचा पगार बेताचा. बाबा हे ऐकायला असते तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. खाचा जुळत नाहीत, साचे वेगळे असतात, एखाददोन मिलीमीटरचा फरक असला तरी पाणी आत येतं. म्हणून आम्ही पुढच्या पाख्यावर सगळी आपली जुनी ७६५ घातली, उरलेली राखून ठेवली आणि मागच्या पाख्यावर सगळी नवीन. नवीन ८२० आणली, ४२ रुपयांना एक, ३४,४४०. आढ्यावरची ३२ कौलं ९५ रुपयांनी ३,०४०. कर धरून ३९,३५४. टेम्पो आमच्या गल्लीत येत नाही, नाक्यावर थांबतो, तिथून हातगाडीने आणायचं. दोन टनांचा माल, टेम्पोचे साडेसहा हजार आणि शेवटच्या शंभर पावलांचे पाच हजार. गावठाणात राहणाऱ्यांनी हे पैसे आधीच धरावेत.

लाकडासाठी रे रोडला गेले, दोन चकरा झाल्या. पाडलेल्या चाळींचा जुना बर्मा साग तिथे मिळतो, २,६०० रुपये घनफूट. अकरा वाशांना पंधरा घनफूट लागलं, ३९,०००. खिळ्यांची भोकं असतात त्यात पण लाकूड मुरलेलं, आता वाकणार नाही, पिळणार नाही. रिपा साल वृक्षाच्या लाकडाच्या, अकराशे रनिंग फूट, २८ रुपयांनी ३०,८००. वाळवीचं औषध ९,०००. दोन सुतार नऊ दिवस, १,३०० रोज, २३,४००. म्हणजे नुसतं लाकूड आणि त्याचं काम मिळून एक लाख दोन हजार दोनशे. एकूण खर्चाच्या निम्म्याच्या जवळपास. आणि कौलं? अठरा टक्केसुद्धा नाहीत. लोक मला विचारतात कौल केवढ्याला मिळालं, पण विचारायला पाहिजे वासे किती गेले.

बाकीचं पटकन सांगते. मिस्त्री आठ दिवस १,४०० ने ११,२००, तीन बिगारी ९०० ने २१,६००, परांची आणि ताडपत्री १४,०००, पत्र्याची पन्हळ ६८ फूट १४,२८०, फुटकी कौलं आणि डेब्रिज उचलायला ५,५००, खिळे स्क्रू वगैरे ३,६००. सगळं मिळून २,२३,२३४. फुटाला २०३ रुपये. पत्रा होता १९०. म्हणजे ज्या पत्र्याला सगळे स्वस्त स्वस्त म्हणत होते त्याच्यात आणि कौलांत फरक चौदा हजारांचा, आणि मे महिन्यातली दुपार पत्र्याखाली काढून बघितलेल्या कुणालाही विचारा ते चौदा हजार जास्त आहेत का.

परवानगीचं पण विचारतात. उंची, आकार, क्षेत्रफळ काहीही न बदलता कौलाच्या जागी कौल घालणं हे टेनेंटेबल रिपेअरमध्ये, म्हणजे परवानगी लागत नाही अशा दुरुस्तीत येतं. तरी आम्ही आधीचे फोटो जोडून वॉर्ड ऑफिसला पत्र दिलं आणि पोच घेऊन ठेवली, कारण गावठाणात वर परांची दिसली की तक्रार करणारे असतात, आणि कामाच्या मध्यात कुणी थांबवलं तर उघड्या छपराखाली काय करणार.

उघड्या छपरावरून आठवलं. ८ मे ला काम सुरू केलं, हिशोब असा की महिनाअखेरीला संपेल आणि पाऊस तर ११ जूनच्या आसपास येतो. २०२५ ला मान्सून २६ मे ला मुंबईत आला, इतक्या लवकर कधी आल्याची नोंदच नव्हती. त्याच्या आधीच्या आठवड्यातही जोरात पडून गेला. तेव्हा पुढचं पाखं झालं होतं आणि मागचं पूर्ण उघडं, नुसते वासे. ती रात्र मी, भाऊ, वहिनी आणि मिस्त्रींची दोन पोरं ताडपत्री धरून होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, तेवढा पाऊस आमच्या छपरावर पडला तर त्र्याऐंशी हजार लिटर पाणी होतं, दहा हजारवाले आठ टँकर. त्या रात्री मला हाच आकडा आठवत होता. यापुढे कुणी विचारलं तर मी सांगते, काम मार्चमध्ये सुरू करा, मे महिन्यावर विसंबू नका.

आता पैसे कुणी दिले. प्रॉपर्टी कार्डावर बाबा, काका आणि आत्या तिघांची नावं आहेत, म्हणजे वाटणीला ७४,४११ प्रत्येकी. आत्याने लगेच पंचवीस हजार पाठवले, उरलेले दिवाळीनंतर देते म्हणाली आणि दिलेही. काकांचं म्हणणं होतं की आज ना उद्या बिल्डर येणारच, मग कशाला घालायचे पैसे. मी म्हटलं काका, बिल्डर येणार हे तुम्ही मी शाळेत असल्यापासून सांगताय, आई मात्र रोज त्याच छपराखाली झोपते. ते फोनवर गप्प झाले. गणपतीला आले तेव्हा चपला काढून आधी माळ्यावर गेले, बराच वेळ वर होते. खाली येऊन विचारलं, "आढं तेच आहे ना? दादाने आणि मी त्याला पाळणा बांधायचो." तेच आहे. चाळीस हजार दिले आहेत, बाकीचे मी मागितलेले नाहीत.

पहिल्या मोठ्या पावसात मागच्या बाजूला न्हाणीजवळ एका जागी ठिबकलं. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले आतूनच काठीने ते कौल थोडं वर सरकवा. भावाने सरकवलं, थांबलं. राखून ठेवलेली कौलं मागच्या भिंतीला उभी रचून ठेवली आहेत, जुनी वेगळी, नवी वेगळी. शाकारणीचे मिस्त्री आठ हजार म्हणतात, ते बाजूला काढून ठेवलेत, आणि तारीख या वर्षी २० एप्रिल ठरली आहे.