गोट्यांखाली माती असते

दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावी द्राक्षमळ्यात पाऊल ठेवलं की वाटतं, नदीचं पात्र वाट चुकून टेकाडावर येऊन बसलंय. आणि ते तसंच आहे. रोन नदीनं फार पूर्वी वाहून आणलेले गोटे वर राहिले, नदी खाली सरकली. आंब्याएवढे, काही तर नारळाएवढे. मातीचा कण दिसत नाही आणि त्यातूनच गुडघाभर उंचीची वाकडी खोडं वर आलेली.

पाहुणे गोट्यांचे फोटो काढतात. दिवसा तापून रात्री ऊब देतात, म्हणून द्राक्षं गोड, असं त्यांना सांगितलेलं असतं. ऊब खरी, पण इथल्या ग्रनाश द्राक्षाला गोडीची उणीव कधीच नव्हती. वाइन सहज 15 टक्के अल्कोहोलपर्यंत जाते, तेव्हा ही रात्रीची शेकोटी नकोशीच होते. गोट्यांचं मोलाचं काम झाकणाचं. खालची तांबडी चिकणमाती हिवाळ्यातलं पाणी धरते आणि मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा वारा सुटला तरी गोटे ती ओल उडू देत नाहीत. नांगराचे फाळ मात्र झिजवतात.

नाशिककडच्या बागायतदाराला इथे आधी मांडव शोधावासा वाटेल. ग्रनाशला तारही नाही. आखूड खोड, त्यावर पेल्यासारखे उघडलेले चार-पाच हात. या वळणाला म्हणतातच गोब्ले, म्हणजे पेला. ग्रनाशची काडी ताठ असते म्हणून हे जमतं. सिरा ही दुसरी द्राक्षजात लोळते, वाऱ्यात मोडते, तिला तारेचा आधार लागतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. इथे थंडीत वेल झोपतो, म्हणून जानेवारी ते मार्च एकदाच कात्री. प्रत्येक हातावर एक काडी, काडीवर दोन डोळे. बास.

चूक होते ती जुनं लाकूड काढताना. सफाईच्या नादात खोडालगत कापलं की जखमेखालचं लाकूड आत वाळत जातं, रसाची वाट अडते, बुरशी शिरते. म्हणून लाकडाच्या जाडीएवढा खुंट ठेवायचा. दिसायला ओबडधोबड, पण वेल जगतो. उशिरा छाटलेल्या वेलीच्या टोकांतून थेंबथेंब पाणी गळतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मुळं जागी झाली एवढंच.

ग्रनाशचं दुखणं वेगळंच. फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस आला की फुलं गळतात, घड विरळ होतो. ऑक्टोबरच्या पावसात गळ-कूज पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

तोडणी हातानंच, यंत्राला मनाई. हेक्टरी साधारण 35 हेक्टोलिटर, म्हणजे 3500 लिटरच वाइन. हेक्टरी 3000 वेली धरल्या, तर वेलीमागे जेमतेम दीड बाटली. यातले बरेच दंडक 1923 साली इथले द्राक्षबागायतदार बॅरन ल रुआ यांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी स्वतःच घालून घेतले. 1936 मध्ये देशानं त्यांच्यावर शिक्का मारला.

नियम करण्यात या गावाचा हात कोणी धरू नये. उडत्या तबकड्यांची आवई उठली तेव्हा, 1954 साली, महापौरांनी फर्मान काढलं: गावाच्या हद्दीत तबकडी उतरायची नाही, उतरलीच तर तिला लगेच कोंडवाड्यात घालावं. फर्मान अजून मागे घेतलेलं नाही.