४०० हर्ट्झचा लष्करी जनसेट घरच्या विजेसाठी: माझा अनुभव

अक्कलकोट रोडच्या एका गोडाऊनमध्ये लिलावातून आलेला लष्करी जनसेट दिसला आणि त्याचं इंजिन मला बघताक्षणी आवडलं. नेमप्लेटवर मात्र ११५/२०० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, २००० आरपीएम. घरची वीज ५० हर्ट्झची. विमानांत ४०० वापरतात, कारण त्यावर ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान, हलक्या होतात.

"स्पीड कमी करा की, झालं!" असं बरेच जण म्हणाले. पण हिशोब बघा. पोलची (चुंबकी ध्रुवांची) संख्या गुणिले आरपीएम, भागिले १२०, ही फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झचा आकडा. म्हणजे या अल्टरनेटरला (इंजिनाने फिरून वीज तयार करणाऱ्या भागाला) २४ पोल, आणि ५० हर्ट्झसाठी इंजिन २५० आरपीएमवर फिरवायला हवं. डिझेल इंजिन एवढ्या कमी वेगात धड चालूच राहत नाही.

खात्रीसाठी दोन फेजांत एक पिवळा बल्ब आणि एक जुना पंखा लावून पाहिला. बल्ब झकास पेटला. पंखा जागचा हलेना, नुसता शिटीसारखा बारीक आवाज. बल्बला, हीटरला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसतं. मोटारीच्या कॉइलचा अडथळा मात्र आठपट वाढतो, पुरेसा करंट आत जातच नाही.

डीसी करून पुढे इन्व्हर्टर लावायचा विचारही केला. २०० व्होल्ट थ्री फेजमधून साधारण २७० व्होल्ट डीसी मिळतं, आणि २३० व्होल्ट एसीचं टोक ३२५ पर्यंत जातं. म्हणजे व्होल्टेज वाढवायला मध्ये आणखी एक सर्किट आलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ते टिकेल असं मला वाटेना. शेवटी इंजिन ठेवलं आणि अल्टरनेटर बदलला: चार पोल, १५०० आरपीएम, सिंगल फेज.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जोडणीत. यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराने अल्टरनेटर मिळवून दिला, लेथवाल्या अण्णांनी इंजिन आणि अल्टरनेटरच्या मधली प्लेट बनवली. मग दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते दाखवणारं डायल लावून शाफ्ट हाताने फिरवायचा, काटा बघायचा, पायाखाली पातळ पत्री सरकवायची, परत फिरवायचा. मला जमलंय असं वाटत होतं, तर अण्णांनी आवळलेले बोल्ट पुन्हा सोडले. "काटा एवढा हलतोय मालक, बेअरिंग खाणार हे." अशी माणसं गावात आहेत म्हणून ही कामं होतात.

गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा ताण उतरवून बिनलोडवर ५२ हर्ट्झ ठेवले. लोड आला की वेग थोडा पडतो आणि ५० च्या आसपास येतो. वेग घटला की इंजिनाची ताकदही पाऊणाच्या आसपास येते, तेव्हा अल्टरनेटर त्याच मापाने घ्यावा.

घराशी जोडणी चेंजओव्हर स्विचनेच (एका वेळी लाइन किंवा जनसेट यातलं एकच जोडणाऱ्या) करा, तीही लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून. प्लगमधून उलटी वीज सोडली तर ती डीपीतून लाइनवर चढते आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते. यात तडजोड नाही.

आता लाइट गेली की बोअरची मोटार आधी चालू करतो, कारण सुरुवातीला ती कितीतरी पट करंट ओढते. ती स्थिरावली की मग फ्रिज आणि पंखे.